गच्ची ते गच्ची: ३१० मीटर हवेतून गुंतलेले फोटॉन (प्रकल्प नोंदी)

१५ सप्टेंबर २०२५

पाऊस थांबलेला नाही, पण गच्चीवरच्या खोलीत ऑप्टिकल टेबल एकदाचं आलं. आजपासून नोंदी इथे. आकडे लॅबच्या वहीत राहतील, त्यांची कारणं इथे लिहायची.

काय करायचं आहे ते एकदा सरळ मांडून ठेवते. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेझर पीपीकेटीपी नावाच्या क्रिस्टलमधून जातो. अब्जावधींतला एखादा फोटॉन फुटतो आणि त्याचे ८१० नॅनोमीटरचे दोन होतात. क्रिस्टल सॅन्याक लूपमध्ये बसवलं आहे, म्हणजे लेझर त्यात दोन्ही बाजूंनी शिरतो आणि जोडी नेमकी कुठल्या फेरीत जन्मली हे ओळखायला कुठलीच खूण उरत नाही. ती खूण पुसली गेल्यामुळेच दोघांचं ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहर ज्या दिशेत हेलकावते ती दिशा, एकमेकांत गुंततं. एक आडवा सापडला तर दुसरा उभा. पोलरायझर (एकाच दिशेचं ध्रुवीकरण पुढे सोडणारी चाळण) ४५ अंशात फिरवून तिरकं मोजलं तरी तोच हिशेब: एक उजवीकडे कललेला, तर दुसरा डावीकडे. एकट्या फोटॉनला विचाराल तर त्याला स्वतःची अशी दिशाच नाही.

त्यातला एक इथेच मोजायचा. दुसरा समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पाठवायचा. मधे फायबर नाही, नुसती हवा.

हवाच का, हे घरीही विचारतात. ८१० नॅनोमीटरचा प्रकाश फायबरमध्ये किलोमीटरमागे साधारण ३ डेसिबल, म्हणजे निम्मा गळतो. टेलिफोनवाल्यांच्या १५५० नॅनोमीटरला ही गळती ०.२ डेसिबल आहे, पण तीही शे-दोनशे किलोमीटरांनंतर सगळं गिळते, आणि एकट्या फोटॉनला मधे ठाणी टाकून मोठं करता येत नाही. मोठं करणं म्हणजे नक्कल करणं, आणि अनोळखी क्वांटम अवस्थेची नक्कल निसर्ग करू देत नाही. उलट सरळ वर पाहिलं तर दाट हवा जेमतेम दहा किलोमीटर, पुढे पोकळी. म्हणून उपग्रह. आणि उपग्रहाआधी गच्ची.

२४ सप्टेंबर

ताडपत्री उडाली. टेलिस्कोपच्या भिंगावर पाणी नाही, सुदैव. बाकी काम नाही.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

हॉस्टेलच्या गच्चीवर मसाला दुधाचं पातेलं चढलं आहे आणि आम्ही दोघी समोरच्या गच्चीवर काळ्या कापडाखाली बसून चंद्राचा प्रकाश मोजतो आहोत. ठरवून हाच दिवस घेतला. पूर्ण चंद्रात पार्श्वभूमी किती येते ते कळलं की बाकीच्या रात्रींची काळजी मिटते.

डिटेक्टर झाकलेला असताना सेकंदाला ३०० काउंट. अमावास्येला टेलिस्कोप उघडा ठेवून १,५०० आले होते. आज २,६००. चंद्राला दोष द्यावा इतके नाहीत.

पण मधेच काउंट ९,००० वर गेले. ज्युनिअर म्हणाली, "ताई, खालचा दिवा लागला." पार्किंगच्या पत्र्याच्या शेडजवळ एक जुना सोडियम दिवा अजून आहे. पिवळा दिवा अवरक्तात का त्रास देतो म्हणून वर्णपट शोधला, तर सोडियमला ८१८–८१९ नॅनोमीटरलाही रेषा आहेत, आणि दाब जास्त असलेल्या दिव्यात त्या पसरट होतात. आमचा फिल्टर १० नॅनोमीटर रुंद, त्यातून तिची कड आत येते. ३ नॅनोमीटरचा फिल्टर लावल्यावर ती गेली. आमच्या फोटॉनांचा पट्टा अर्ध्या नॅनोमीटरच्या आत आहे, त्यामुळे आपलं काही गमावलं नाही.

दूध गार झालं होतं तरी चांगलं होतं.

१० ऑक्टोबर

शिखर सापडलं! रात्री १.२०.

दोन्ही गच्च्यांवर एकेक टाइम टॅगर आहे, प्रत्येक फोटॉन कधी आला ते लिहून ठेवणारा. इकडे सेकंदाला १ लाख २० हजार नोंदी, तिकडे सतरा हजारांच्या आसपास. त्यातल्या कुठल्या दोन नोंदी एकाच जोडीच्या, हे फक्त वेळ सांगते. वेळ जुळवायला दोन्हीकडे जीपीएसचा सेकंदाचा ठोका घेतला आहे. अहमदाबादला इस्रोच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने मार्च २०२१ मध्ये दोन इमारतींत ३०० मीटरवर क्वांटम किल्ली (संदेश गुप्त ठेवायला फोटॉनांतून बनवलेली बिटांची माळ) पाठवली, तेव्हा त्यांनी हेच काम नाविक या भारताच्या स्वतःच्या जीपीएससारख्या यंत्रणेच्या रिसीव्हरकडून करून घेतलं होतं. अंतरही जवळपास आमच्याइतकंच. त्यामुळे तो प्रयोग शेजारच्या घरातला वाटतो.

३१० मीटर पार करायला प्रकाशाला १,०३४ नॅनोसेकंद लागायला हवेत. दोन्ही याद्या एकमेकींवर सरकवत गेलो तेव्हा सपाट गवतातून एकच काडी उभी राहावी तसं शिखर आलं, पण १,०९५ वर. ६१ नॅनोसेकंद जास्त कुठून? ज्युनिअरने खाली वाकून केबल मोजली: समोरच्या डिटेक्टरपासून टॅगरपर्यंत १२ मीटर. केबलमध्ये मीटरला ५ नॅनोसेकंद. म्हणजे ६०. उरलेला एक आम्ही जीपीएसच्या नावावर टाकला, त्याची चूक याहून बरीच मोठी असू शकते.

सेकंदाला १,७०० जोड्या जुळताहेत. टेबलावर १४,००० होत्या. म्हणजे पलीकडे १२ टक्के पोचतात. सरांना तेव्हाच मेसेज केला. ते जागे होते.

१७ ऑक्टोबर

जोड्या जुळणं म्हणजे गुंतणूक टिकली असं नाही. ती टिकली का हे पोलरायझर फिरवून पाहायचं: जास्तीत जास्त आणि कमीत कमी जुळण्यांमधला फरक, भागिले त्यांची बेरीज. याला आम्ही व्हिजिबिलिटी म्हणतो. टेबलावर उभ्या-आडव्या मापात ९८ टक्के, तिरक्या मापात ९७.

आज हवेतून:
उभं-आडवं: ८३७ आणि १३. म्हणजे ९७ टक्के. उत्तम.
तिरकं: ७६५ आणि ८५. म्हणजे ८० टक्के.

तीनदा मोजलं. ८०, ८१, ८०.

उभं-आडवं मापन एकटं कधीच पुरेसं नसतं. दुकानात कोणी एक लाल आणि एक निळा पायमोजा दोन पाकिटांत घालून दिला तरी ती जुळणी मिळेल, त्यात क्वांटम काही नाही. गुंतणुकीचा खरा पुरावा तिरक्या मापात असतो, आणि नेमका तोच ढिला पडला आहे. सगळ्यांचं म्हणणं एकच: हवा. आवर्त, धूळ, ओल. मलाही तेच वाटतं.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

घरी पूजा आटोपून दहाला परत आले. आजच्यासारखी धुराने भरलेली हवा वर्षात पुन्हा मिळणार नाही, म्हणून हट्टाने मोजायचं ठरवलं.

जुळण्या १,७०० वरून ६०० वर. फटाक्याच्या प्रत्येक लखलखाटाला समोरचे काउंट उसळतात, पण त्यांची इकडच्या फोटॉनशी दोन नॅनोसेकंदांच्या आत गाठ पडत नाही, त्यामुळे जुळण्यांत ते जवळजवळ दिसतच नाहीत. वेळेची ही चाळण किती बारीक आहे ते आज डोळ्यांनी पाहिलं.

उभं-आडवं ९६. तिरकं ८०.

नोंद करून झोपायला गेले. त्यातला अर्थ तेव्हा लागला नाही.

३ नोव्हेंबर

दहा दिवस वेळेचा तक्ता भरतो आहोत. दिवसा सूर्यामुळे एकेकटे फोटॉन मोजता येत नाहीत, डिटेक्टर भरून वाहतात. म्हणून दुपारी फक्त दिशा दाखवणारा लाल लेझर पाठवून ठिपका कसा नाचतो ते पाहिलं. वाटेत पार्किंगचा पत्रा आहे. दुपारी दोनला तो तव्यासारखा तापतो आणि समोरच्या भिंगावर ठिपका तीन-तीन सेंटीमीटर हलतो, मधेच फुटतो. सूर्यास्तानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, जमीन आणि हवा एका तापमानाला आल्या की तो एकदम निश्चल होतो. नंतर रात्री थोडी हालचाल, पहाटे पुन्हा शांत. संधिकाळाला हवा स्थिर असते हे वाचलं होतं. भिंगावर ते घडताना बघायला मला अजून आवडतं, रोज पाच मिनिटं नुसती बघत बसते.

आता तक्ता. संध्याकाळी सातला जुळण्या स्थिर, तिरकं ८०. मध्यरात्री जुळण्या दुपटी-तिपटीने खालीवर, तिरकं ८०. पहाटे पाचला दव, तिरकं ८१. दिवाळीच्या धुरात ८०.

हवा चंचल आहे आणि हा दोष हलत नाही. मग तो हवेचा कसा?

५ नोव्हेंबर

सरांबरोबर दीड तास. बेल चाचणीतला एस, म्हणजे चार कोन-जोड्यांच्या जुळण्यांतून निघणारा गुंतणुकीचा आकडा, काढला तर या आकड्यांतून २.५० येतो. साध्या कारणांनी समजावता येईल अशा जगात तो २ च्या वर जात नाही, क्वांटमची कमाल २.८२८. म्हणजे आत्ताही आपण दोनच्या बरेच वर आहोत. शिवाय २००७ मध्ये ला पाल्मा ते टेनेरिफ या कॅनरी बेटांवरच्या प्रयोगात एस २.५०८ होता, हे कोणीतरी आठवून दिलं.

मला ते समाधान पटलं नाही, आणि मी तसं बोलले. त्यांनी समुद्रावरून १४४ किलोमीटर फोटॉन पाठवला होता, सहाराची धूळ जिथे अधूनमधून पसरते अशा ठिकाणी. त्यांच्याकडे सेकंदाला मोजक्या जुळण्या पोचत होत्या आणि त्यात डिटेक्टरच्या स्वतःच्या गोंगाटाचा वाटा होता. आमच्याकडे गोंगाट जवळजवळ नाही. तोच आकडा ३१० मीटरवर येत असेल तर आमच्याकडे काहीतरी मोडलं आहे.

शिवाय त्या प्रयोगाने दाखवून दिलेली मोठी गोष्ट हीच होती की हवा ध्रुवीकरणाला जवळजवळ धक्का लावत नाही. हवेच्या रेणूंना उभं-आडवं कळत नाही. ताणलेली काच देते तसे ते दोन दिशांना दोन वेग देत नाहीत. हवा फोटॉन हरवते, वळवते, पसरवते. जो पोचतो तो मात्र बिघडून पोचत नाही.

सर ऐकत होते. म्हणाले, "मग तू हवा सोड. टेबलापासून समोरच्या डिटेक्टरपर्यंत हवा नाही असं काय काय आहे, त्याची यादी कर."

यादी: फायबर नाही. भिंगं चार. खिडकीची काच काढलेली. फिल्टर. आणि खिडकीबाहेरचा आरसा.

११ नोव्हेंबर

आरसाच.

टेबलावरून येणारी शलाका खिडकीतून बाहेर पडते आणि समोरच्या इमारतीकडे काटकोनात वळावी लागते, कारण खिडकी भलत्या बाजूला आहे. त्या वळणावर ४५ अंशात एक डायइलेक्ट्रिक आरसा (धातूऐवजी पारदर्शक थरांचा लेप असलेला) आहे. परावर्तन ९९ टक्क्यांच्या वर, म्हणून कोणी त्याच्याकडे संशयाने पाहिलंच नाही. आम्ही प्रकाश किती परततो ते पाहिलं, कसा परततो ते नाही पाहिलं.

८१० चा साधा लेझर ४५ अंशात कललेला करून आरशावर सोडला आणि लगेच पुढे पोलरायझर फिरवला. सरळ रेषेत कललेला प्रकाश लंबवर्तुळ होऊन बाहेर येतो आहे. आरशाचे थर उभ्या आणि आडव्या घटकाला वेगवेगळ्या खोलीवरून परतवतात, त्यामुळे दोघांत कला-फरक पडतो, म्हणजे एकाची लहर दुसऱ्याच्या मागे पडते. हा आरसा लांब तरंगलांबीसाठी बनलेला, ८१० त्याच्या पट्ट्याच्या कडेला येतं, आणि कडेला हा फरक वाढतो. मोजला: ३४ अंश.

नुसत्या उभ्या किंवा नुसत्या आडव्या फोटॉनला याचं काहीच नाही, तो जसाच्या तसा जातो. म्हणून ९७ ला ९७. तिरका फोटॉन मात्र दोन्ही घटकांच्या मेळावर उभा असतो, मेळ सरकला की तो बिघडतो. ९७ ला ३४ अंशांच्या कोसाइनने, ०.८३ ने गुणलं: ८०.

कागदावर ८० आलं तेव्हा आम्ही दोघी काही वेळ बोललोच नाही. पंचवीस दिवस आम्ही ज्या हवेला बोल लावत होतो ती निर्दोष होती. धुरातसुद्धा.

२० नोव्हेंबर

दुरुस्तीचे दोन रस्ते. वेव्हप्लेट (दोन घटकांत ठरवून कला-फरक घालणारी चकती) वाकडी करून ३४ अंश उलट देणे, हे एका दुपारचं काम. पण आरसा उन्हात-थंडीत थोडा जरी कलला तर पुन्हा जुळवा.

दुसरा रस्ता सरांनी फळ्यावर काढला, आणि तो इतका देखणा आहे की तोच करायचा. एकाच खोक्यातले, एकाच खेपेत लेप दिलेले दोन आरसे घ्यायचे. पहिल्याने शलाका सरळ वर फेकायची, दुसऱ्याने ती बाजूला वळवायची. दोन वळणांच्या पातळ्या एकमेकींना काटकोनात. पहिल्या आरशावर जो घटक मागे पडला तो दुसऱ्यावर पुढे पडतो. एकाचा फरक दुसरा फेडतो, तो किती अंश आहे हे माहीत असायचीही गरज नाही. शिवाय शलाका अर्धा मीटर वर गेल्याने कठड्याचीही अडचण संपली.

वर्कशॉपमधल्या काकांनी चित्र पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "दोन्ही काटकोन एका ठोकळ्यातून हवेत की जोडलेले चालतील?" एका ठोकळ्यातून. त्यांनी ॲल्युमिनियमचा ठोकळा घेऊन मिलिंगवर एकाच बांधणीत दोन्ही तिरपे चेहरे काढले, म्हणजे त्यांच्यातला कोन यंत्राच्या अचूकतेइतका खरा. त्यांनी हे मनाने केलं, आम्ही सांगितलं नव्हतं.

२६ नोव्हेंबर

नवा ठोकळा लावला, शलाका जुळवली, आणि उभ्या-आडव्या मापात जिथे ८३७ हवे तिथे १६ आले.

दहा मिनिटं हात थंड. मग ज्युनिअरने आपली वही, पेन आणि हात वापरून दिशा लावल्या: येताना आडवा असलेला फोटॉन त्या दोन वळणांनंतर उभा होऊन बाहेर पडतो, आणि उभा आडवा होतो. अर्थातच! चौकटच फिरली. समोरची खूण अदलाबदल केली, बस.

उभं-आडवं ९७. तिरकं ९५.

१२ डिसेंबर

बेल चाचणी, चार कोन-जोड्या, प्रत्येकी पाच मिनिटं. एस २.६९, चूक ०.०२.

नीट लिहून ठेवायला हवं: ही चाचणी सगळ्या पळवाटा बंद करणारी नाही. पोलरायझर आम्ही हाताने लावतो आणि बरेच फोटॉन हरवतात. तसला दावा कुठेही करायचा नाही. आम्हाला दाखवायचं होतं ते एवढंच की वाटेत गुंतणूक टिकते.

१९ डिसेंबर

पहिली किल्ली. दोन्हीकडे प्रत्येक फोटॉन उभं-आडवं मोजायचं की तिरकं हे अर्धपारदर्शक आरसा ठरवतो, कोणी माणूस नाही. नंतर साध्या नेटवर्कवर फक्त "कसं मोजलं" एवढंच सांगायचं, "काय आलं" ते नाही. दोघांनी सारखं मोजलेलं ठेवायचं, बाकी टाकायचं. बेनेट, ब्रासार आणि मर्मिन यांनी १९९२ मध्ये मांडलेली ही रीत. मधे कोणी डोकावलं तर जुळणी बिघडते, आणि ती किती बिघडली यावरून ऐकणाऱ्याला जास्तीत जास्त किती कळलं असेल ते काढता येतं.

चुकीचे बिट २.४ टक्के. जुना आरसा असता तर तिरक्या मापात १० टक्के आले असते, आणि ११ च्या पुढे किल्लीच बनत नाही. चुका सुधारून आणि गळालेलं ज्ञान कापून सेकंदाला साधारण ३४० बिट हातात उरतात.

याच वर्षी जूनमध्ये आयआयटी दिल्लीने गुंतलेल्या फोटॉनांनी एक किलोमीटरहून जास्त अंतरावर सेकंदाला सुमारे २४० बिट मिळवल्याचं जाहीर केलं, चूक ७ टक्क्यांच्या आत. चीनच्या मिशिअस उपग्रहाने २०१७ मध्ये १,२०३ किलोमीटर दूर असलेल्या डेलिंगा आणि लिजियांग इथे जोडीतला एकेक फोटॉन उतरवला. उपग्रहात सेकंदाला ५९ लाख जोड्या बनत होत्या, आणि खाली दोन्हीकडे मिळून जुळायची ती सेकंदाला जेमतेम एक. २०२० मध्ये त्याच उपग्रहाने १,१२० किलोमीटरवर किल्ली दिली, सेकंदाला ०.१२ बिट. हा आकडा पूर्वी मला केविलवाणा वाटायचा. ३१० मीटरांसाठी तीन महिने घालवल्यावर आता तसा वाटत नाही.

९ जानेवारी २०२६

पहाटे नदीकडून धुकं आलं. ५.४० ला जुळण्या १,६००, ६ वाजता २००, ६.१० ला शून्य. समोरची इमारतच दिसेना. पावणेआठला धुकं विरलं, पण तोवर ऊन. धुरात निम्म्याहून जास्त गेले तरी काम चाललं होतं, धुक्याचे थेंब मात्र सगळंच थांबवतात. वेळापत्रकात हिवाळ्याच्या पहाटा आता धरायच्या नाहीत.

१७ जानेवारी

टेकडीवर गेलो, दोघी आणि सर. वरून आमची गच्ची दिसते. पाण्याची टाकी आडवी येते, पण टेबल डावीकडे दोन मीटर सरकवलं तर वाट मोकळी. नकाशावर अंतर २.३ किलोमीटर.

उतरताना हिशेब केला. आमची शलाका २० मिलिमीटर त्रिज्येने निघते. ३१० मीटरवर ती जवळजवळ तेवढीच राहते, २.३ किलोमीटरवर ३६ मिलिमीटर होईल, तेही हवा एकदम शांत असेल तर. समोरचा ८० मिलिमीटरचा टेलिस्कोप पुरणार नाही, दुपटीचा लागेल, आणि ठिपक्याच्या मागे फिरणारा आरसाही. त्या फिरत्या आरशाचा लेप ८१० साठीच मागवायचा आणि आला की आधी तिरक्या प्रकाशात तपासायचा.

काकांना सोमवारी भेटायचं आहे. त्यांना टेलिस्कोपचं वजन विचारायचं असणार, तो आकडा घेऊन जायचं.